सात रेडिएटर आणि एक सभात्याग

भाव करताना मी एकदा रागाने उठून चालता झालो, आणि ते घर माझंच होतं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. लंडनच्या हॅरो भागात माझं बॅगा-सुटकेसचं दुकान होतं, कँटीनमध्ये भांडी घासण्यापासून सुरुवात करून स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. (हे मी कुणी न विचारताही सांगतो.) साताऱ्याहून आई पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती, तीही ऐन नोव्हेंबरात. का? तर तेव्हा तिकीट स्वस्त! सत्तरीच्या बाईला थंडीच्या तोंडी देत होतो आणि किती पैसे वाचले ते येईल त्याला ऐकवत होतो.

घरातले सातही रेडिएटर, म्हणजे गरम पाण्याने खोल्या तापवणारे भिंतीवरचे पत्रे, जुने. पाच थंड, एक कोमट, एक गळका. आई यायच्या आत नवे बसवायचे ठरलं. आता माझी दूरदृष्टी पाहा. मंगळवारी रस्त्यावरून भंगारवाला चालला होता. त्याला थांबवलं, पाच पौंडांवरून आठवर आणलं आणि सातही रेडिएटर काढून देऊन टाकले!

"अहो, नवे अजून बघितलेसुद्धा नाहीत!" माझी बायको सुधा त्यांतून निघालेल्या काळ्या पाण्याची बादली उचलत म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स. घाईचे परिणाम तिला रोज बघायला मिळतात.

"बघायचंय काय त्यात? पत्रा तो पत्रा."

गुरुवारी मिस्टर पर्किन्स नावाचा प्लंबर आला. उंच, शांत माणूस. प्रत्येक खोली मोजली, खिडक्या मोजल्या, भिंतीला हात लावून पाहिला आणि कागदावर आकडा लिहिला. आठशे ऐंशी पौंड.

"आईच्या, मागच्या बेडरूमला डबल पत्र्याचा कशाला?" मी विचारलं. "सिंगल लावा."

"उत्तरेची भिंत आहे, सर. सिंगल लावला तर मदर कोट घालून झोपतील."

"पाचशे."

"एट-एटी, सर."

"बरं, हॉलमधला काढा."

"मग एट-ट्वेंटी. आणि हॉल थंड."

"ठीक! एट-ट्वेंटी पक्के! आता हॉलमधला परत घाला."

तो हसला. "एट-एटी, सर."

माझं डोकं तापलं. (आकडा जास्तच होता, हे मी आजही म्हणतो.) मग मी आईने लहानपणी भाजीबाजारात शिकवलेला हुकमी डाव टाकला. उठायचं, चालायला लागायचं, दहा पावलांत मागून हाक येते. "एट-एटी? राहू द्या!" असं म्हणून मी उठलो, दार उघडलं आणि बाहेर पडलो. स्लिपरवर. स्वेटर न घालता.

दहा पावलं झाली. हाक नाही. मी पावलं लहान केली. वीस झाली. (इथली माणसं हळू बोलतात, हे जमेस धरून कान देत होतो.) शेवटी कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीला टेकून उभा राहिलो. पाऊस सुरू झाला. कुत्र्याला फिरवणारी शेजारीण थबकली.

"लॉक्ड आउट, डिअर?"

"नो, नो. बिझनेस!"

तेवढ्यात पर्किन्सची व्हॅन आली. मी चेहरा कडक केला. व्हॅन जवळ येऊन हळू झाली. आला रस्त्यावर! पर्किन्सने मला अदबीने हात हलवला आणि तो निघून गेला.

घरी आलो तर दार लागलेलं. स्वतःच्याच घराची बेल दाबली.

"गेला तो," सुधा म्हणाली. "चहा प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली. म्हणाला, तुमच्या मिस्टरांना अचानक काही तातडीचं काम निघालेलं दिसतंय."

"आणि तू थांबवलं नाहीस?"

"काय सांगून? मालक पेटीपाशी रुसून उभे आहेत म्हणून?"

दुसऱ्या दिवसापासून कडाक्याची थंडी. दुसरे चार प्लंबर विचारले. सगळे म्हणाले, जानेवारी. पर्किन्सला फोन करावा, हे कळत होतं. पण मी करणार? त्याने करावा! आठवडाभर फोन वाजला की मी झडप घालायचो आणि सुधाच्या मैत्रिणी घाबरून फोन ठेवायच्या.

आणि आई आली. गरम नळी नसलेल्या, रेडिएटर नसलेल्या, भिंतीवर नुसते खिळे उरलेल्या घरात. दिवसभर ती स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडून त्याच्यासमोर बसायची. अंगात माझा ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी, दोन्ही हातांत माझे मोजे. पायातले मोजे, हातांत!

रविवारी साताऱ्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. मी जिन्यात होतो. आई सांगत होती, "अगं, घर कसलं गरम आहे! घाम फुटतो नुसता. वसंताने एवढी सोय केलीय माझी, काय सांगू!" मोज्यात गुंडाळलेल्या हातातून रिसीव्हर निसटत होता आणि ती तो पुन्हापुन्हा सावरत होती.

मी तिथेच पायरीवर बसलो. वर जाता येईना, खाली जाता येईना.

त्या दुपारी सुधाने तिला सगळी हकीकत सांगितली. आईने मला बोलावलं.

"मेल्या, उठून जायचं ते दुसऱ्याच्या दुकानातून! आपल्या घरातून कोण उठून जातं?"

"तो लुटत होता, आई."

"खोल्या नीट मोजल्या का त्याने?"

"मोजल्या."

"खोटं बोलला?"

"नाही."

"मग?"

सोमवारी सकाळी दुकान न उघडता पर्किन्सच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मिस्टर पर्किन्स, एट-एटी. आणि आय ॲम सॉरी."

"जानेवारी, सर," तो म्हणाला. "सगळे दिवस भरलेत."

मी काही मागितलं नाही. फक्त आईच्या हातातल्या मोज्यांचं सांगितलं. त्याने खिशातून डायरी काढली.

"मागची बेडरूम ना? उत्तरेची भिंत?"

शनिवारी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, तो आला आणि सगळ्यात आधी आईच्या खोलीत डबल रेडिएटर बसवला. बाकीचे सहा पुढच्या आठवड्यात, रोजचं काम संपवून संध्याकाळी येऊन. त्या शनिवारीच आईने रेडिएटरला पाठ टेकली, टोपी काढली, मग एकेक मोजा काढला आणि पर्किन्सला मराठीतून भरघोस आशीर्वाद दिला. तो "थँक यू, मॅडम" म्हणाला. दोघांचं बरं जमलं.

शेवटच्या संध्याकाळी मी त्याच्या हातात पैसे ठेवले. त्याने मोजून पन्नास परत केले.

"जास्त आहेत, सर."

"राहू द्या. नाइन-थर्टी."

"एट-एटी, सर."

"बरं, नाइन हंड्रेड! शेवटचा आकडा!"

"एट-एटी."

पैसे देणारा असून जन्मात पहिल्यांदा मी भाव वर चढवत होतो, आणि माणूस एका पेनीने हलेना. तोही सौदा मी हरलो.