वॉटर पार्कमधली पोह्यांची प्लेट

झाशी मागे पडली आणि आमच्या डब्यात शेंगावाला चढला. मुग्धाने पाय बाकावर घेतले, मास्क चढवला आणि खिडकीकडे तोंड केलं. समोरच्या कुटुंबाने गरम शेंगांचे पुडे घेतले होते, टरफलं खाली पडू लागली होती. मी उठून त्या गृहस्थांना विनंती केली, "भाईसाहब, मेरी बहन को मूंगफली से एलर्जी है. ज़रा दरवाज़े के पास जाकर खाएँगे?" माणूस भला होता. लगेच उठला. त्याची बायको मात्र मुग्धाकडे निरखून बघत राहिली आणि मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "शादी हो गई इसकी?"

"नहीं," मी म्हटलं. "उसी के लिए जा रहे हैं."

मुग्धा माझी धाकटी बहीण. ती रांगत होती तेव्हा आजोळी कुणीतरी तिच्या ओठाला दाण्याची चटणी लावली आणि ती निळी पडलेली आईने पाहिली. तेव्हापासून आमच्या नाशिकच्या घरात शेंगदाणा आला नाही. खिचडीत आम्ही ओलं खोबरं घालतो, आणि कोशिंबिरीत कूट असतं हे मला सासरी आल्यावर कळलं. दाणा पोटात गेला की तिचा घसा आतून सुजतो आणि श्वास कोंडतो. त्यावर एक इंजेक्शनचं पेन येतं, मांडीत दाबायचं. आमचा मामेभाऊ ते दुबईहून आणून देतो. प्रवासात ते लाल पाऊचमध्ये माझ्या पिशवीत असतं.

अमेय आणि मुग्धा पुण्यात एकाच ऑफिसात, तिथेच दोघांचं जमलं. त्याचं घर ग्वाल्हेरला, शिंदे की छावनीत (ही शिंद्यांच्या फौजेची जुनी छावणी, आता दाट वस्ती). त्याचे पूर्वज दक्षिणेतून दरबारात कारकुनीला आले आणि इथलेच झाले. आई-बाबांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. म्हणून घर बघायला आणि जमलं तर तारीख ठरवायला मुग्धाबरोबर मी निघाले होते.

मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे खिडकीतून जमीन वाचायची खोड आहे. डबरा स्टेशन गेल्यावर दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू होता. मधेच काळवंडलेल्या खडकाचे उघडे उंचवटे, बाभळी, दगडाच्या खाणी. आणि मग, शहर दिसायच्या आधी किल्ला दिसला. तो शिखरासारखा टोकदार नाही. लांबच लांब पसरलेला आहे, एखादं जहाज मैदानात रुतून बसावं तसा. मुग्धाने मास्क खाली ओढला. "ताई, मला इथे राहायला आवडेल गं," ती म्हणाली.

अमेयच्या आईने, काकूंनी, दारातच तिला जवळ घेतलं. "ये ये, थकली असशील. गाडी लेट होती ना? मी तर केव्हाची चहा चढवून बसली आहे." तिथलं मराठी कानाला गोड लागतं. शब्द आपले, चाल हिंदीची. मी स्वयंपाकघरात जाऊन शेंगदाण्याचा विषय काढला, तेवढ्यात अमेय मागून आला. "ताई, टेन्शन नका घेऊ. मी आईला सगळं सांगितलंय."

"हो हो, बोलला मला," काकू म्हणाल्या. "घरात मूंगफलीचा एक दाणा नाही ठेवला. बघा डबे उघडून."

मी खरंच बघितले. एक दाणा नव्हता. त्या रात्री मुग्धा कितीतरी दिवसांनी परक्या घरात पोटभर जेवली. कढी, भात, मेथीची भाजी, तव्यावरून थेट ताटात येणारी पोळी. काका, म्हणजे अमेयचे वडील, तिला आग्रह करत होते आणि ती घेत होती. मलाही हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी महाराज बाड्यावर, शहरातल्या जुन्या चौकात, गेलो. भोवती जुन्या दगडी इमारती, मधे टेम्पोंचा कलकलाट. सकाळी तिथे बेडई (डाळीचं सारण भरलेली पुरी) आणि झणझणीत बटाट्याची भाजी खायला माणसं उभीच असतात. मी खाल्ली. मुग्धाने केळी घेतली. गजकच्या (तीळ-गुळाची कुरकुरीत वडी) दुकानाशी ती थांबलीसुद्धा नाही, कारण त्याच परातीशेजारी दाण्याची चिक्की कापली जात होती. काकू तिच्याकडे बघत होत्या. "इतकं कमी खाते ही? असं कसं चालेल?" त्यांनी मला विचारलं. बाहेर ती जपून असते, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही.

तिसऱ्या दिवशी अमेयने वॉटर पार्क ठरवला होता. शहराबाहेर, हायवेला लागून. उजाड माळावर अचानक निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या उभ्या होत्या, फाटकावर प्लास्टिकचा हत्ती. काकूंनी सकाळी मुग्धासाठी पोळी-भाजीचा डबा भरून दिला होता. फाटकावरच्या रखवालदाराने तो काढून घेतला.

"बाहर का खाना अंदर नहीं जाएगा."

मी कारण सांगितलं. एलर्जी, घसा, श्वास, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "अंदर सब मिलता है, मैडम. शुद्ध शाकाहारी."

"शाकाहारी का सवाल नहीं है, भैया."

"शुद्ध शाकाहारी," तो पुन्हा म्हणाला आणि डबा मागच्या फळीवर ठेवला. मागे रांग खोळंबली होती. लाल पाऊच त्याने उघडून पाहिलं, औषध म्हणून आत जाऊ दिलं. पण तळ्यांच्या भागात पिशव्या न्यायला बंदी होती. सगळ्यांच्या पिशव्यांबरोबर माझीही पिशवी लॉकरमध्ये गेली. पेन तरी हातात ठेवते, असं मी म्हटलं, तर तिथली बाई म्हणाली, काचेची किंवा टोकदार वस्तू पाण्याजवळ चालत नाही. "खायच्या वेळी काढून घेऊ ना, ताई," अमेय म्हणाला. किल्ली रबरी पट्ट्याला लावलेली होती. ती त्याने मनगटात अडकवली.

सकाळ छान गेली, हे सांगायला हवं. मुग्धा लाटांच्या तळ्यात अमेयचा हात धरून ओरडत होती. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उथळ पाण्यात उभे होते.

दुपारी भूक लागली. अमेय सगळ्यात उंच घसरगुंडीच्या रांगेत होता. "तुम्ही बसा, मी आलोच," असं तो लांबूनच ओरडला. काका, काकू आणि मुग्धा टेबलाशी बसले. किल्ली येईपर्यंत काही खायचं नाही, असं मुग्धाला बजावून मी काउंटरवर चौकशीला गेले.

बाहेर खाताना हे काम नेहमी माझ्याकडे असतं आणि ते मला कधीच जमलेलं नाही. पहिल्या काउंटरवर मी विचारलं, "ग्रेवी में मूंगफली है?" "नहीं जी, काजू की है." काजू आख्खे येतात की पावडर, असं विचारल्यावर त्याने आत हाक मारली. आतून उत्तर आलं, पावडर येते, कशाची ते पाकीट बघावं लागेल. पाकीट फेकलेलं होतं. दुसरीकडे फ्राइज होते, पण त्याच कढईत दाण्याचा मसाला लावलेले पापड तळले जात होते. तिसरा मुलगा म्हणाला, "मैडम, थोड़ा बहुत तो चल जाता होगा?" शेवटी साधा भात आणि दही मिळेल, वेगळ्या भांड्यात देतो, असं एकाने कबूल केलं. मी तिथे उभी राहून भांडं धुऊन घेत होते.

तेवढ्या वेळात काकूंनी काय केलं, ते मला नंतर कळलं. मुग्धा सकाळपासून उपाशी, त्यांनी भरून दिलेला डबा फाटकावर अडकलेला. त्यांना बसवेना. पलीकडच्या गाड्यावर पोहे होते, वर शेव, कांदा, तळलेले दाणे. त्यांनी एक प्लेट घेतली आणि तिथेच उभं राहून चमच्याने एकेक दाणा निवडून काढला. मग प्लेट मुग्धासमोर ठेवली.

"काकू, यात शेंगदाणे नाहीत ना?" तिने विचारलं.

"नाहीत गं. बघ ना, एक पण नाही."

एकही दाणा नसलेलं घर तिने दोन दिवस पाहिलं होतं. तिने विश्वास ठेवला.

मी भात घेऊन आले तेव्हा ती तळहात टेबलाच्या कडेला घासत होती. मी ती खूण ओळखते. गळ्यावर लाल चट्टे उठले होते. "ताई," ती म्हणाली, आणि आवाज तिचा नव्हता. "पेन."

मी पळाले. काका "अमेय, अमेय" ओरडत घसरगुंडीकडे धावले. लॉकरच्या बाईकडे दुसरी किल्ली नव्हती, ती मॅनेजरकडे होती आणि मॅनेजर जेवायला गेला होता. मी ते दार हातांनी ओढत राहिले. पत्रा वाकला, दार उघडलं नाही. लाउडस्पीकरवर जोरात गाणं चालू होतं. शेवटी अमेय ओल्या फरशीवरून घसरत, पडत आला. किल्ली त्याच्या मनगटातून ओढून मीच लावली.

परत गेले तेव्हा मुग्धा खुर्चीवरून खाली आली होती. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. भोवती माणसं गोळा झाली होती. कुणी पाणी पाजा म्हणत होतं, कुणी कांदा हुंगवा. मी ओल्या कपड्यांवरूनच पेन मांडीत दाबलं आणि धरून ठेवलं. काका गाडी थेट आत घेऊन आले. या वेळी फाटकावर कुणी अडवलं नाही.

शहराच्या लष्कर भागातल्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. तिच्या बोटांची नखं आठवतात. मी ती बघत होते, रंग बदलतो का म्हणून.

तिथे तिला आणखी एक इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या. "बच गई," त्या म्हणाल्या. "रास्ते में थोड़ी और देर होती, तो..." दुसऱ्या दिवसापर्यंत देखरेखीखाली ठेवायचं ठरलं.

काकू बाकावर बसल्या होत्या. साडीला अजून पोह्यांची हळद लागलेली. "मी एक-एक काढले होते," त्या म्हणत होत्या. "बघून-बघून काढले. एक पण नव्हता."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही. "काकू, दाणा काढला तरी पोह्यांना तो लागलेला असतो. तिला तेवढंही पुरतं."

"असं मला कोणी सांगितलंच नाही ना." त्या माझ्याकडे बघत होत्या. "अमेय बोलला, तिला मूंगफली सूट नाही करत. मला पण वांगं सूट नाही करत, अंगावर पित्त उठतं. मला वाटलं तसंच असेल."

अमेय भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुग्धा उशीला टेकून बसली. आवाज घोगरा होता. तिने त्याला आत बोलावलं. मी उठू लागले, तर तिने माझा हात धरून ठेवला.

"तू आईला काय सांगितलं होतंस? नेमके शब्द सांग."

"सांगितलं होतं ना यार. की सूट नाही करत."

"पुण्यात मला तूच हॉस्पिटलमध्ये नेलं होतंस. तू पाहिलंयस."

तो भराभर बोलू लागला, निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत. "तुला माहीत नाही इथे कसं असतं. एकदा बोललो असतो की जान को ख़तरा है, तर आत्या, मावशी सगळ्या बोलल्या असत्या, लड़की बीमार है. रिश्ता झालाच नसता. शादी के बाद आरामसे सांगितलं असतं. घरात तर एक दाणा नव्हता ठेवला ना? मी काळजी घेतली होती, मुग्धा."

"तू माझी नाही, लग्नाची काळजी घेतलीस," ती म्हणाली. एवढंच बोलून तिला खोकला आला. तो पाणी द्यायला पुढे झाला. तिने पेला माझ्याकडून घेतला.

तारीख ठरली नाही. संध्याकाळच्या गाडीची तिकिटं काकांनी धावपळ करून काढून दिली. निघताना काकू उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्यांच्या घरातून कुणी वाटेचं काही बांधून न घेता कधी गेलं नसेल. त्या पदराशी चाळा करत होत्या, हात मोकळे होते. काही द्यायची त्यांना हिंमत होत नव्हती. मुग्धा वाकून पाया पडली.

"माझ्यामुळे लग्नाला नाही बोलू नको गं," काकू म्हणाल्या.

"तुमच्यामुळे नाही, काकू."

काका स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते. किल्ला दुसऱ्या बाजूला होता. आम्ही दोघींनीही उठून पाहिला नाही.

नाशिकला आईने दार उघडलं. मी फोनवर फक्त "तब्येत बिघडली होती, आता बरी आहे," एवढंच सांगितलं होतं. मुग्धाचा आवाज ऐकून तिला सगळं समजलं असावं. तिने तिला पलंगावर बसवलं, केसांवरून हात फिरवला, आणि थोड्या वेळाने विचारलं, "माणसं कशी आहेत गं?"

"चांगली आहेत, आई," मुग्धा म्हणाली. "खूप चांगली आहेत. मला वाईट माणसांची भीती वाटत नाही, त्यांच्या हातचं मी खातच नाही."

ग्वाल्हेरला जाऊन आले म्हटल्यावर लोक विचारतात, किल्ला पाहिलास का, गजक आणलीस का. किल्ला मी लांबून पाहिला. शहर देखणं आहे, माणसं जीव लावणारी आहेत, आणि माझी बहीण तिथे त्या जीव लावण्यापायीच मरता मरता वाचली. अमेयचे फोन अजून येतात. ती उचलते, नीट बोलते आणि ठेवते. आता कुणी जेवायला बोलावलं, तर आधी जो स्वयंपाक करणार आहे त्याच्याशी ती स्वतः बोलते. "मला शेंगदाण्याने मरण येऊ शकतं," असं पहिल्याच वाक्यात सांगते. समोरचा माणूस दचकतो. काही जण आमंत्रणच मागे घेतात.

ती म्हणते, घेऊ देत.