आतोबांचं न्हाणं

तेलकट डोक्याची माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमच्या आतोबांच्या डोक्यात तेलाचा घाणाच बसवलेला आहे, याबद्दल अख्ख्या चिंचवडात दुमत नव्हतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पिंपरीला तेव्हा नवीनच निघालेल्या एका कारखान्यात ते कामाला होते. सकाळी न्हाऊन, पांढरीशुभ्र टोपी घालून सायकलवर टांग मारायचे आणि जेवणाच्या सुटीपर्यंत त्या टोपीच्या काठाला, कागदावर भजी ठेवल्यासारखा डाग उमटायचा. आत्या उशीचे अभ्रे धुऊन धुऊन दमली होती. कारखान्यातली पोरं म्हणायची, भाऊ, सायकलची चेन करकरतीय, जरा डोकं टेकवा की! आतोबा हसायचे आणि खरोखरच चेनपाशी डोकं न्यायचे. त्यांना राग म्हणून यायचाच नाही, याचा मलाच राग यायचा.

तरुणपणी मात्र त्यांनी या डोक्याशी उभा दावा मांडला होता. धुण्याचा साबण झाला, सोडा झाला, एकदा तर नदीवर बसून नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासत होते म्हणे. शेजारच्या पाटलीणबाई घाटावर होत्या. त्यांना बघवेना. "आवं, डोस्कं हाय ते, हंडा न्हाई घासायला. जितकं वरबाडाल तितकं त्याल सुटंल." हे आतोबांना असं काही पटलं की त्या दिवसापासून त्यांनी डोक्याशी भांडण सोडलं आणि त्याची तान्ह्या बाळासारखी बडदास्त सुरू केली.

आदल्या दिवशी रिठे भिजत घालायचे, चोळून पंच्यातून गाळायचे. पाणी कोमट हवं, आणि ते मनगटावर थेंब टाकून बघायचं. नख लावायचं नाही, बोटांच्या पेरांनी हळूहळू चोळायचं. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचं. पुसायचं नाही, टिपायचं! हा फरक त्यांनी मला, माझ्या भावाला आणि एकदा मोरीची फरशी बसवायला आलेल्या गवंड्यालाही समजावून सांगितला होता. एवढं करून तेल थांबलं का? छे! दुपारचा डाग संध्याकाळवर गेला, इतकंच. पण आतोबा तेवढ्यावर खूश. आत्याचे केस गुडघ्यापर्यंत, दाट आणि कोरडे. ती बादली डोक्यावर उपडी करायची, ओलेच केस पिळायची आणि स्वयंपाकाला लागायची. ह्यांचं न्हाणं होईस्तोवर माझं पुरण वाटून होतं, असं ती येईल त्याला ऐकवायची.

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, त्या वर्षी आत्याला विषमज्वर झाला आणि तिच्या मदतीला म्हणून मी चिंचवडला गेले. ताप उतरला, पण इतके दिवस पाणी ना फणी, त्या एवढ्या केसांचा मानेवर घट्ट गोळा झाला होता. फणी लावली की झुबकाच हातात यायचा. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, पुन्हा येतील. पाटलीणबाईही तेच म्हणाल्या. न्हाव्याला बोलवायचं घाटू लागलं. आता त्या काळी बाईचे केस उतरवायचे ते नवरा गेल्यावर. आत्या भिंतीला धरून उठून बसली. आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाली, "हे समोर धडधाकट बसलेत. मी माझं डोकं कुणाच्या हाती देणार नाही."

आतोबा उठले, चुलीवर वाटीभर खोबरेल कोमट केलं. ज्यांनी जन्मात तेलाच्या बाटलीचं बूच काढलं नव्हतं, ते आतोबा! तिच्या मागे येऊन बसले.

"माझ्या हाती दे," म्हणाले.

मग रोज कामावरून आले की हातपाय धुऊन तेच काम. एक बट धरायची, तेलाचं बोट लावायचं, टोकाकडून मोकळी करत वर जायचं. जरा ओढ बसली की आत्या करवादायची, की केस आहेत हे, सुंभ नव्हे. आतोबा म्हणायचे "बरं", आणि पुन्हा टोकापासून सुरू. बघून बघून माझ्याच अंगाला मुंग्या यायच्या. एकदा न राहवून मी कात्री आणली, तर त्यांनी ती मुकाट्यानं फळीवर ठेवून दिली. होता होता एका संध्याकाळी शेवटची गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी रिठ्याचं कोमट पाणी झालं. केस निम्मेही उरले नव्हते, वेणी जेमतेम करंगळीच्या जाडीची. आत्यानं ती पुढे घेतली, हातात धरून बघत राहिली, आणि रडू फुटलं ते मला. ती नाही रडली. "आहे ना पाठीवर? पुरे," म्हणाली.

तेव्हापासून तिला न्हाऊ घालायचं काम आतोबांकडेच राहिलं. दर शुक्रवारी कारखान्यात जायच्या आधी. पाणी फार ऊन नाही ना, बोटं जड लागत नाहीत ना, असं विचारत विचारत चालायचं. आता दोघंही नाहीत. पण माझ्या लग्नानंतर एकदा माहेरपणाला म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट आठवते. आत्या चांगली ठणठणीत होती. विहिरीवरून भरलेल्या दोन कळश्या आणून तिनं माझ्यासमोर उतरवल्या आणि पाट घेऊन मोरीकडे निघाली. मी म्हटलं, आत्या, अगं तुझं तुला न्हाता येत नाही होय अजून?

तिनं ओठांवर बोट ठेवलं. आत आतोबा तिच्यासाठी पाणी विसणत होते.

"हळू बोल," ती म्हणाली, "त्यांना कळेल."