तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या आईला दोन नावं आहेत. एक माहेरचं आणि दुसरं बाबांनी लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. आमच्याकडे तशी पद्धतच होती. रेशन कार्डावर सासरचं नाव लागलं. आधार मात्र तिने कोकणात काढलं, आजोबांच्या आजारपणात तिकडे राहिली होती तेव्हा. मामाने तिचा शाळेचा जुना दाखला पुढे केला आणि आधारवर माहेरचं नाव आलं. दुरुस्त करून घे म्हणून बाबांनी भुणभुण लावली, तर म्हणाली, "राहू दे हो. एका तरी कागदावर मी आहे."

आता बाबा नाहीत आणि आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होतं. ठाण्याच्या हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा अर्ज सकाळी ऑनलाइन टाकला, दुपारी मंजुरी आली. ना चिरीमिरी, ना कोणाची ओळख. मी अगदी भारावून गेले होते. आमचा अर्ज मात्र परत आला. रेशन कार्डावरची बाई वेगळी, आधारवरची वेगळी म्हणे!

"ताई, मला कळतंय हो," योजनेच्या खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "पण सिस्टिम घेतच नाही ना. लग्नाचा दाखला आणा."

गावच्या मांडवात लागलेल्या लग्नाची तेव्हा कोण नोंद करत होतं? मग राजपत्रात नाव बदलल्याची नोंद हवी, म्हणून तो अर्ज भरला. मोबाइलवर 'प्रक्रियेत आहे' एवढंच दिसतं. हेल्पलाइनवरच्या बाईवर मी इतकी ओरडले की माजिवड्याच्या नाक्यावर लोक वळून बघायला लागले. तिने शांतपणे विचारलं, "आणखी काही मदत हवी आहे का?" फोन फेकून द्यावासा वाटला. पूर्वी साहेबाच्या टेबलासमोर रडता तरी यायचं. इथे कोणापुढे रडू?

डॉक्टर म्हणाले, फार थांबू नका. बाहेर ऑपरेशन करायची आमची ऐपत नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोघींपैकी एकीचं तरी करतील का गं?" मला हसू आलं.

मंजुरीशिवाय खाट अडवून ठेवता येत नाही, म्हणून तिला आंबिवलीला घरी आणलंय. रोज सकाळी उठले की आधी तिची छाती हलतेय का ते बघते, आणि मग मोबाइल.