चिलापीचा वाटा

आमच्या घरात शिरला की तो आधी बोट जिभेला लावायचा आणि वर धरायचा. रियाधच्या बत्हा वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या बंद, एसी चालू, आणि हा दारात उभा राहून वारा बघणार. "आज उलटा आहे, चाची," असं म्हणायचा आणि मग चपला काढायचा.

एकदा मी सांगितलं, "अरे, हा वारा माझ्या मुलाने दुकानातून आणलाय. तो रोज त्याच बाजूने येतो."

त्याने मान डोलावली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोट वर.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ऐकून घेतात, समोरच्याला वाटतं समजलं, आणि मग जे करायचं तेच करतात. माझ्या नशिबात अशी बरीच आली, पण याच्याइतका राग मला कोणी आणला नाही.

नाव सांगत नाही. सगळे मिस्त्री म्हणायचे, मीही तेच म्हणायची. आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावचा. बाप-आजा दर्यावर गेले, आणि हा अल खर्जच्या एका डेअरीत दुधाच्या टाक्यांचे पाईप जोडत होता. चौदा वर्षं. शुक्रवारी कॅम्पमधून बत्ह्याला यायचा, जुम्म्याची नमाज पढून आमच्याकडे जेवायचा. माझा मुलगा त्याला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा मला वाटलं, गावाकडचा माणूस आहे, दोन शब्द बोलेल. तो फक्त माशांबद्दल बोलला.

रियाध आणि खर्जच्या मध्ये वाळवंटात तळी आहेत. शहराने वापरलेलं पाणी साफ करून तिकडे सोडतात, त्याची झालेली. काठाला माणसापेक्षा उंच लव्हाळे, वर बगळे आणि पाण्यात चिलापी. मिस्त्री गळ टाकायला तिथे जायचा आणि पिशवी भरून माझ्याकडे आणायचा.

"ह्या माशाने कुठलं पाणी प्यायलंय ते मला माहीत आहे," मी म्हणायची.

"फिल्टर केलेलं आहे, चाची."

"मग तू फिल्टर खा. माझ्या तव्यावर नको."

मग ती पिशवी खालच्या मजल्यावरच्या केरळी लोकांकडे जायची. ते आनंदाने खायचे. मिस्त्री माझ्याकडे डाळ-भात खाताना त्या वासाकडे नाक करून बसायचा.

नोव्हेंबर सरत आला, उन्हाचा जोर गेला की त्या तळ्यावर मासेमारीची शर्यत व्हायची. गळाचं सामान विकणारं एक दुकान आणि परदेशी साहेबांच्या कंपाउंडात राहणारे काही गोरे मिळून ती भरवायचे. त्यांच्या देशात बास नावाच्या माशाच्या अशा शर्यती होतात म्हणे. इथे बास नाही, म्हणून चिलापीवर भागवायचं. पहाटे फजरच्या नमाजनंतर सुरू, जुम्म्याच्या आधी खलास. तीन मासे जिवंत आणायचे, वजन करायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. ज्याचे तीन मिळून वजनदार, तो जिंकला.

"पकडून सोडायचं तर पकडायचं कशाला?" मी विचारलं.

"इंजिनासाठी," तो म्हणाला.

पहिलं बक्षीस होडीच्या मागे लावायचं इंजिन होतं. नवं कोरं. दुकानवाला ते काठावर लाकडी घोडीवर ठेवायचा, लाल फीत बांधून. मिस्त्रीचा जीव त्याच्यात. गावी त्याच्या मेव्हण्याने होडी बांधली होती. मेव्हणा म्हणाला होता, इंजिन घेऊन आलास तर अर्ध्या भागीत घेतो, रिकाम्या हाताने आलास तर खलाशी म्हणून ये. मेव्हण्याच्या हाताखाली खलाशी व्हायला मिस्त्री तयार नव्हता. चौदा वर्षांचा पगार घरात आणि दोन मुलींच्या लग्नांत गेला होता. तेव्हा हिशोब सरळ होता: इंजिन मिळालं तर कायमचा घरी, नाही मिळालं तर पुन्हा डेअरीचे पाईप.

आता हा माणूस काय करायचा ते ऐका.

पहिल्या वर्षी तो बाटलीला गुंडाळलेली दोरी आणि गरी घेऊन गेला. पंच म्हणाले, रॉड पाहिजे. हा म्हणाला, माझ्या आजाने दोरीने पकडले. पंचांना त्याच्या आजाशी देणंघेणं नव्हतं. परत पाठवला.

दुसऱ्या वर्षी रॉड घेतला. मासेही चांगले लागले. आणि याने काय केलं, तर लव्हाळ्याची काडी तोडली, तिन्ही मासे कल्ल्यातून ओवले आणि माळ हातात धरून वजनाला गेला. गावी सगळे तसेच आणतात. तिथल्या एका गोऱ्या बाईने म्हणे तोंडावर हात धरला. मेलेला मासा चालत नाही. हे कागदावर चार भाषांत लिहिलं होतं, हिंदीतसुद्धा.

"वाचलं नाहीस?" मी विचारलं.

"वाचलं होतं. हाताने ऐकलं नाही."

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, याला आपणच जिंकवायचा. कारण त्याचं रडगाणं मला आणखी एक वर्ष ऐकायचं नव्हतं. त्याचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, डिसेंबरात संपत होता. कफीलच्या, म्हणजे मालकाच्या ऑफिसात कागद पडला होता: फायनल एक्झिट घेऊन कायमचं घरी की आणखी दोन वर्षं, शर्यतीनंतर सांगतो, असं हा सांगून आला होता. घरी फोन करून बायकोलाही सांगितलं होतं की या वेळी नक्की.

चिलापीला कणकेचा गोळा लागतो. मी कणकेत लसूण ठेचून घातली, थोडं बेसन, आणि गावाहून आणलेला सुका जवळा भाजून, कुटून. तो जवळा मी वर्षभराच्या चटणीसाठी आणला होता. महिनाभर हा दर शुक्रवारी मूठभर न्यायचा, तळ्यावर जाऊन बघायचा, आणि येऊन सांगायचा, "लसूण कमी, चाची." डबा रिकामा झाला. सून म्हणाली, "अम्मी, आपण काय खायचं?" मी म्हणाले, "शर्यत होऊ दे, मग त्याला खाऊ."

त्या शुक्रवारी मुलगा आम्हा सगळ्यांना गाडीतून घेऊन गेला. मी अंगावरून शाल घेतली होती, एवढी थंडी. बायका-मुलांनी लव्हाळ्यांच्या मागे चटया टाकल्या. मी मुद्दाम अशी बसले की मिस्त्री दिसेल. काठावर चाळीस-पन्नास माणसं, हातात रॉड, कोणी कोणाशी बोलत नाही. फिलिपिनो होते, गोरे होते, दोन सौदी पोरं खुर्च्या टाकून कॉफी पीत होती. मिस्त्रीने बोट ओलं करून वर धरलं. इथे तरी खरा वारा होता.

दोन मासे त्याला लवकर लागले. ठीकठाक. पाण्याच्या पिशवीत नीट जिवंत ठेवले, मी दोनदा वाकून बघितले. मग दोन तास काही नाही. शेजारचा फिलिपिनो एकामागून एक काढत होता. मिस्त्री गोळा लावायचा, टाकायचा, ओढायचा, गोळा गायब. लावायचा, टाकायचा, गायब. तिकडे माझा जवळा चिलापीच्या पोटात, इकडे माझं डोकं तापत चाललेलं.

"जागा बदल!" मी म्हणाले.

"इथेच आहे तो, चाची."

"कोण तो?"

 रॉड वाकला होता.

मासा दिसला तेव्हा मीही उभी राहिले. एवढी चिलापी मी पाहिली नव्हती. ती सरळ लव्हाळ्यांत घुसली आणि दोरी देठांना गुंडाळली गेली. आता ओढलं तर तुटणार, सोडलं तर जाणार. मिस्त्री तसाच ताठ उभा, कपाळावरून घाम, त्या थंडीत.

तिथे नगरपालिकेचा एक बंगाली कामगार पिवळ्या कपड्यांत कचरा उचलत होता. त्याने बघितलं, पिशवी खाली ठेवली, बुटासकट कमरेपर्यंत पाण्यात उतरला, देठांत हात घातले आणि मासा छातीशी धरून बाहेर आला. मिस्त्रीच्या पिशवीत सोडला. दोघंही लहान मुलांसारखे हसले.

आता नियम असा होता की दुसऱ्या कोणी रॉडला, दोरीला, माशाला हात लावायचा नाही. पण लव्हाळ्यांच्या आड बघितलं कोणी होतं? मी. आणि मी काही पंच नव्हते. मी त्या बंगाल्याला हाताने खूण केली, गप्प राहा. त्याने लगेच मान डोलावली. शहाणा माणूस.

वजन झालं. तीन मासे मिळून फिलिपिनोपेक्षा पाव किलोने जास्त. दुकानवाल्याने इंजिनाची फीत सैल करायला घेतली. माझ्या मुलाने शिट्टी मारली. मग एका इजिप्शियन पंचाने कागद पुढे केला आणि सगळ्यांना विचारत होता तेच विचारलं, "वाहिद नफर? अकेला?"

मिस्त्रीने पेन घेतलं. थांबला. म्हणाला, "इतनेन नफर."

"दोन माणसं?"

"छोटे दोनो मेरे. ये बडावाला, मैं और वो." आणि बोट दाखवलं.

बंगाली धावत आला, ओल्या पँटमधून पाणी गळतंय. "नेही साब, नेही! हम तो कचरा उठाता था. हम कुछ नेही किया!"

"पाण्यात उतरला ना तू?" पंचाने विचारलं.

"पैर फिसल गया, साब."

पंचाने सुटकेचा श्वास टाकला. म्हणाला, पाय घसरला, मग ठीक आहे, सही करा. बघा, परक्या देशातला पंच वाट करून देत होता. बंगाली वाट करून देत होता. मी मागून ओरडले, "मिस्त्री, सही कर!"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पंचाला म्हणाला, "पाय नाही घसरला. हा उतरला. याचा वाटा आहे."

आमच्याकडे किनाऱ्यावर रापण ओढतात. मोठं जाळं, दोन्ही टोकांचे दोर माणसं ओढतात. वाटेने जाणाऱ्याने दोराला हात लावला तरी त्याला मासळीत वाटा मिळतो. मागावा लागत नाही. हे मला कोणी शिकवायला नको. पण इथे ना जाळं, ना किनारा, आणि वाटा मागणारा स्वतःच नको म्हणत होता!

मोठा मासा बाद झाला. फिलिपिनो इंजिन घेऊन गेला, खांद्यावर टाकून. त्याचा मात्र मला राग नाही. उरलेल्या दोन माशांवर मिस्त्रीला तिसरं बक्षीस मिळालं, पाण्याचा थर्मास.

एवढ्यावर थांबेल तर तो मिस्त्री कसला. पंच तो मोठा मासा पाण्यात सोडायला निघाला, तर याने हातातून काढून घेतला. "बाद झाला ना? मग आता तुमचा नाही." खिशातून चाकू काढला आणि तिथेच दगडावर दोन भाग केले. गोरी बाई किंचाळली. डोक्याकडचा, चवीचा भाग त्याने बंगाल्याला दिला, शेपटीकडचा पिशवीत घातला. पंचाने सांगितलं, पुढच्या वर्षी येऊ नकोस. कधीच येऊ नकोस.

गाडीत मी त्याला सोडलं नाही. "त्या बंगाल्याला अर्धी चिलापी, आणि तुझ्या बायकोला दोन वर्षं. हा कुठला वाटा?"

 खजुरीच्या बागा मागे गेल्या. मग तो म्हणाला, "त्याने पाण्यात उतरायलाच नको होतं, चाची. मी बोलावलं नव्हतं त्याला." आणि एकदम चिडून, "मला मिळत होता तो मासा. आणखी पाच मिनिटं दिली असती तर मिळत होता." त्याच्या हातातला थर्मास त्याने पायाशी आपटला. माझी नात दचकली. "अंकल, इट्स ओके," ती म्हणाली. तो म्हणाला, "नाही."

मला तेव्हा कळलं की त्याला काही बरं वाटत नव्हतं. खरं बोलून माणसाला हलकं वाटतं म्हणतात. याला नाही वाटलं. त्याला इंजिन पाहिजे होतं.

घरी आल्यावर त्याने ती शेपटी माझ्या ओट्यावर ठेवली.  मी हळद-मीठ लावलं, तळली आणि वाढली. वास होता. पण त्याने सगळी खाल्ली, काट्यांसकट चोखून. मीही एक तुकडा खाल्ला. पुन्हा खाणार नाही.

डिसेंबरात त्याने दोन वर्षांच्या कागदावर सही केली. डेअरीचं काम संपलं होतं, तेव्हा कंपनीने त्याला अल खफजीला पाठवलं, तेलाच्या पाईपांवर. जायच्या दिवशी तो आला नाही. मुलाला फोन केला, मला सलाम सांगितला, बस. दोनाची चार वर्षं झाली. मधल्या काळात मी रियाध सोडून गावी आले.

एकदा तरीतून खाडी ओलांडून त्याच्या घरी गेले. बायको अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. घरामागे किनाऱ्याच्या बाजूला एक नवी खोपी दिसली, चिऱ्यांची, वर पत्रा, दाराला कुलपाची कडी. शर्यतीच्या त्या वर्षी त्याने फोनवर सांगून बांधून घेतली होती, इंजिन ठेवायला. आत नारळ आणि कोंबड्या होत्या.

"खफजीला दर्या आहे म्हणाले," ती म्हणाली. "पण सरहद्द आहे, जवळ जाऊ देत नाहीत."

मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती रडेल, नाहीतर त्याला शिव्या घालेल. शिव्या घातल्या असत्या तर मी साथ दिली असती. तिने चहा ओतला, कप माझ्यापुढे सरकवला.

"डोकं पण देऊन टाकलं?" तिने विचारलं.

"डोकंच दिलं."

तिने किटली खाली ठेवली. मग दोन्ही हात समोर धरले. "केवढा होता? एवढा?"

मी कप खाली ठेवला, तिचे हात मनगटाला धरले आणि चार बोटं आणखी लांब केले.