दाखल्यावरची तीन वर्षं

सिन्नरच्या कारखान्यांना वॉचमन पुरवायचं काम मी वीस वर्षं करतोय, आणि चोरांनी मला जेवढा त्रास दिला नाही तेवढा नियमांनी दिलाय. पोलीस पडताळणी आधी कागदावर चालायची, मग ऑनलाइन झाली. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं धावपळ करून आणली, तर म्हणे या संस्थेची चालत नाहीत. माणसं सांभाळणं सोपं, त्यांच्या फायली म्हणजे डोक्याला ताप.

यंदा परवान्याचं नूतनीकरण अर्ध्यावर असताना नवा फतवा निघाला: वयासाठी आधार कार्ड चालणार नाही, शाळा सोडल्याचा दाखला आणा. पासष्टच्या वरचा माणूस ठेवायचा नाही, हे आधीपासूनच होतं. माझा सगळ्यात जुना गार्ड सायखेड्याचा, आधारवर बासष्ट. चौदा वर्षं एकाच गेटवर, खाडा माहीत नाही. बायको गेलेली, मूलबाळ नाही. ते गेट हेच त्याचं घर. "साहेब, अजून तीन वर्षं हायेत ना माझी?" हे तो दर महिन्याला विचारायचा आणि मी छातीठोकपणे हो म्हणायचो.

त्याच्या जागी उभं करायला कुणी नव्हतं, म्हणून त्याचा अर्ज घेऊन मीच सायखेड्याला गेलो. त्याची थोरली बहीण गावातच दिलेली, ती शाळेपर्यंत सोबत आली. मुदत त्याच दिवशी संपत होती. दाखला हातात पडला तसा शाळेच्या ओट्यावर बसून मी तो मोबाइलवरून चढवून टाकला. तारीख वाचलीच नाही. एवढा शहाणा मी.

बहीण शाळेकडे बघत कौतुकानं सांगायला लागली, "मला शाळंत यायचं तर ह्याला कडंवर आनावं लागायचं. तीन वर्साचा व्हता. हितं पोरांना दूध मिळायचं, पन नाव लावल्याबिगर नाय. मास्तरांनी तीन वर्सं वाढवून नाव लावलं. म्हनले, पिऊ दे लेकराला."

मी लगेच मोबाइल उघडून तारीख पाहिली. एक जून, आमच्याकडे निम्म्या गावाचा असतो तोच वाढदिवस, आणि वय पासष्ट उलटलेलं. संध्याकाळी त्याचं नाव नामंजूर होऊन आलं.

कचेरीत जाऊन आधी हात जोडले, मग भांडलो. कारकून शांतपणे म्हणाला, "तारीख शाळा सोडायच्या आधी दुरुस्त करून घ्यायची असते. आणि दाखला मिळत नाही असं प्रतिज्ञापत्र दिलं असतं तरी चाललं असतं." हे आधी कुठे लिहिलंय विचारलं, तर म्हणाला, परवाच आलंय.

गेटवर जाऊन मी त्याला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली, रुमालानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

"अक्काला कळू देऊ नका, साहेब," तो म्हणाला. "तिला वाटंल, तिच्यामुळं झालं."