घुंगरांच्या पाड्यांची दुसरी बाई

आज सकाळी जी गेली, तिनं मला फसवलं होतं.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण सकाळपासून सगळ्यांच्या पोस्ट वाचतेय. 'घुंगरू पाड्यांच्या जनक शैलाताई.' प्रत्येक पोस्टखाली हात जोडलेले.

मला हात जोडता येईनात. म्हणून लिहितेय.

शैला माझी मैत्रीण. हुपरीकडच्या एका प्राथमिक शाळेत आमचे वर्ग शेजारी-शेजारी. तिच्याकडे तिसरी, माझ्याकडे चौथी. कोल्हापुरातून रोज एकाच एसटीनं जायचो. जिला आधी चढता येईल तिनं दोघींची जागा धरायची.

आमची पोरं पाडे म्हणायची म्हणजे अक्षरशः रडायची. हाताची घडी, मान खाली आणि एकच रडका सूर. सातचा पाडा आला की निम्म्या वर्गाला तहान लागायची.

एकदा एसटीत शैला म्हणाली, "नंदे, ह्या गावात घराघरात पैंजणं बनत्यात. आणि आपली पोरं पाडे म्हणत्यात मयताला आल्यागत! पायात घुंगरं बांधूया की त्यांच्या."

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या आईला विचारलं. तिनं पिशवीभर घुंगरं आणून दिली, डाग पडलेली, विकायला न चालणारी. मधल्या सुट्टीत बसून आम्ही दोघींनी ती नाड्यांत ओवली.

आज खरं तेवढंच लिहिणार आहे. घुंगरं तिला सुचली. खेळ मी बसवला.

पोरं गोल करून उभी राहायची. एकापासून आकडे मोजत जायचं. सात आला की बोलायचं नाही, पाय आपटायचा. छन्न!

आठ, नऊ, दहा... चौदाला परत छन्न!

जो चुकेल तो गोलाच्या मध्ये. त्यानं पाडा उलटा म्हणायचा. सत्तर, त्रेसष्ट, छप्पन्न...

पोरं मध्ये यायला मिळावं म्हणून मुद्दाम चुकायला लागली.

अल्फिया म्हणून एक मुलगी होती. शाळेत तोंडच उघडायची नाही. एक दिवस ती चुकली, मध्ये आली, आणि सत्तरपासून सातपर्यंत घडाघडा उलटा पाडा म्हणाली. शेवटी स्वतःच पाय आपटला.

मी शैलाकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले.

"जमलं गं आपल्याला," ती म्हणाली.

आपल्याला.

मग माझ्या आईचं ऑपरेशन निघालं. मी रजेवर. त्याच आठवड्यात शिक्षकांचं एक प्रदर्शन होतं. शैलानं आमचा खेळ तिथं नेला. मला काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. कुणीतरी नेला ना.

दवाखान्यात आईच्या उशाशी बसलेले असताना वहिनीनं मोबाईल पुढं केला. "ही तुमच्याच शाळेतली बाई न्हवं?"

व्हिडिओत शैला होती. नवी साडी, हातात माईक. मागं माझ्या चौथीतली पोरं छन्न छन्न करत होती.

ती सांगत होती, "हा सगळा खेळ मला एकदा एसटीत सुचला."

मला.

व्हिडिओ संपेपर्यंत वाट बघितली. माझं नाव आलं नाही.

रजा संपल्यावर एसटीत तिच्या शेजारीच बसले. विचारलं. ती म्हणाली, "अगं, नाव एकाचंच चालत होतं. तू रजेवर होतीस."

"मग माझं घालायचं होतंस की."

तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

पुढं तिला बक्षीस मिळालं, बदली मिळाली. ती गावोगाव ट्रेनिंग द्यायला लागली. मी वर्गात खेळ घ्यायची, तर एक पालक कौतुकानं म्हणाले, "बाई, हे त्या शैला मॅडमचं न्हवं? तुमी कधी शिकलासा त्यांच्याकडनं?"

त्या दिवशी घुंगरं कपाटात टाकली. परत पोरं कोरडे पाडे म्हणायला लागली. ते मला जास्त लागलं.

मागच्या महिन्यात कळलं, शैला ॲडमिट आहे. भेटायला गेले. पार वाळली होती. सुनेला म्हणाली, "ही नंदा. मला शाळेत लई मदत करायची."

मदत.

मोसंबं सोलून दिलं. वाटलं, सून बाहेर गेली की बोलेल. सून बाहेर गेली. शैला दवाखान्यातल्या पाणचट आमटीबद्दल बोलली, नातवाबद्दल बोलली. निघताना तिनं माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही.

"येत जा," म्हणाली.

बस. एवढंच.

आज तिच्या घरी गेले. तिचे मिस्टर जवळ येऊन म्हणाले, "बाई, ती घरात कायम तुमचं नाव काढायची. म्हणायची, घुंगरं माझी, पण खेळ सगळा नंदाचा."

म्हणजे तिला माहीत होतं. सगळं नीट माहीत होतं.

"भावजी, घरात काढलं," मी म्हणाले. "एकदा दारात काढायचं होतं की."

त्यांनी मान खाली घातली. त्या माणसाची काय चूक? पण तोंडातून गेलं.

शैले, ह्या पोस्टमध्ये आधी 'तुला माफ केलं' असं लिहिलं होतं. पुसून टाकलं. अजून जमलेलं न्हाय मला.

जमेल कधीतरी. तेव्हा सांगायला तू नसशील, आणि सकाळपासून रडू येतंय ते त्याचंच.

जा बाई. नीट जा.

तुझी नंदा