खंडेनवमीला पुजलेला स्विच

खंडेनवमीला आमच्याकडं जे जे म्हणून हत्यार आहे ते सगळं पुजतात. विळा, कोयता, ट्रॅक्टर, शिलाई मशीन. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाटोद्याच्या एका दवाखान्यातल्या साफसफाईच्या मावशींनी यंदा नेटवर्कचा स्विच पुजला आणि माझ्या दसऱ्याचा पार बट्ट्याबोळ झाला.

दसऱ्याच्या सकाळी मी बीडहून गावाकडं, चकलांब्याच्या बाजूला, निघालो होतो. अक्का आणि दाजी त्याच दिवशी आमच्या घरूनच ऊसतोडीला जाणार होते. एकदा टोळी कर्नाटकात गेली की अक्का उन्हाळ्यालाच दिसते, म्हणून ती निघायच्या आत मला घर गाठायचंच होतं. गाडीला किक मारतो तोच त्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन. तिथलं नेटवर्क मीच सांभाळतो. एक्स-रे निघतोय, पण त्यांच्या कॉम्प्युटरवर येत नाही, लॅबचे रिपोर्टही अडकलेत. गाव एका दिशेला, पाटोदा भलत्याच. चडफडत गाडी वळवली.

स्विच म्हणजे लांबट डबा, त्याला ओळीनं भोकं. आम्ही त्यांना पोर्ट म्हणतो. दिसायला सगळी सारखी, पण आतून मी त्यांच्या वाटण्या केलेल्या असतात. ही भोकं डॉक्टर, लॅब आणि एक्स-रेची, ती पेशंटांच्या वायफायची. भावाभावांनी एकाच घरात मधे भिंत घालावी तसं, इकडचं तिकडं काही जात नाही. पण ही वाटणी भोकाची असते, वायरची नाही. वायर भलत्या भोकात गेली की ती परक्या घरची झाली.

आणि मावशींनी आदल्या दिवशी झाडून सगळ्या वायरी काढल्या होत्या. डबा फडक्यानं लख्ख पुसला, कुठली वायर कुठं ते लिहिलेल्या माझ्या चिठ्ठ्या मळकट दिसतात म्हणून खरवडून टाकल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि वायरी रंग बघून परत खोचल्या. निळ्या एकीकडं, पांढऱ्या एकीकडं. वर मलाच कौतुकानं विचारलं, दिसतंय का न्हाई झ्याक. एरवी घरून लॅपटॉपवर निस्तरलं असतं, पण माझी आत शिरायची वाटही त्या घोळातच बुजली होती.

मग एकेक वायर धरून छतातून तिचा माग काढत बसलो. अक्काचा फोन आला तेव्हा स्टुलावर उभा होतो. मुकादम घाई करतोय म्हणाली. आलोच, थांब, म्हणालो. टोळीचा ट्रॅक्टर माझ्यासाठी थांबणार नाही हे तिलाही माहीत होतं. पाय मोडलेलं एक म्हातारं बाकड्यावर कण्हत होतं, त्याला टाकून तरी कसं जावं? त्याचा एक्स-रे डॉक्टरांच्या पडद्यावर उमटला तेव्हा ऊन कललं होतं. मावशींनी हातावर पेढा ठेवला. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं, लई शिणलो होतो.

घरी पोचलो तर आई एकटीच. ट्रॅक्टर कधीच गेलता. मी उंबऱ्यातच बसलो आणि म्हणालो, खड्ड्यात गेलं असलं काम, उद्याच सोडून देतो. आईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

मग म्हणाली, "लई वाट पाहिली तिनं. जाताना म्हणली, त्याला काय बोलू नको माय. सावलीतलं काम हाय त्याचं. आपल्यात एकाला तरी घावलंय."